बापूकाकांना माईक द्या

नॅशव्हिल, टेनेसी
रविवार, दुपार

ती. आप्पांस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात की यंदा नाट्यगीतांच्या कार्यक्रमाला जेमतेम पुढच्या रांगा भरल्या, त्यातही निम्मी माणसं गाणाऱ्यांच्या घरचीच. मंडळ आता आवरतं घ्यावं असं तुमच्या मनात आहे, हेही म्हणालात. मी नुसतं "असं कसं, असं कसं" करत राहिले. मागे चिमीचा धिंगाणा चालला होता (तो कशाचा, ते पुढे सांगते) आणि तुम्ही नेहमीप्रमाणे मुद्द्यावर यायच्या आत "बरं, ठेवतो" म्हणालात. म्हणून हे पत्र. कागदावर मला मधे तोडता येत नाही.

तुमच्या मंडळातले सर म्हणतात तसं हल्लीच्या पोरांना अभिरुची नाही, हे मला पटत नाही. का पटत नाही ते सांगायला मला तुम्हाला इथल्या चार माणसांची गोष्ट सांगावी लागेल. ती गातात गुराख्यांची गाणी, डोक्यावर भल्यामोठ्या हॅटी घालतात, गाण्यांच्या मधे वेडेपणा करतात, आणि हे सगळं १९७७ पासून करताहेत. नाव ‘रायडर्स इन द स्काय’.

आम्ही त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते ग्रँड ओल ऑप्रीमध्ये. तुमचे जावई ऑफिसातल्या कुणाकडून तिकिटं घेऊन आले होते, मला जायचा उत्साह नव्हता. ऑप्री हा मुळात रेडिओचा कार्यक्रम आहे. १९२५ साली एका विमा कंपनीने स्वतःचं रेडिओ स्टेशन काढलं, डब्ल्यूएसएम, आणि त्यावर शनिवारी रात्री फिडल (म्हणजे आपलं व्हायोलिनच) आणि बँजो वाजवणाऱ्या खेड्यापाड्यातल्या मंडळींना बसवलं. तो कार्यक्रम अजून चालू आहे, थेट प्रक्षेपणासकट. रंगमंचाच्या कडेला निवेदक उभा राहून प्रायोजकाची जाहिरात वाचतो आणि मागे पुढचा कलाकार गिटार जुळवत असतो. तुम्ही आकाशवाणी सांगलीवर गायला गेला होतात तेव्हा लाल दिवा लागल्यावर खोकायचीही चोरी होती म्हणायचात ना? इथे हजारो माणसं समोर बसून शिट्या मारतात आणि ते सगळं रेडिओवर जातं.

आधी हा कार्यक्रम गावातल्या रायमन सभागृहात व्हायचा. ते १८९२ साली एका बोटमालकाने धर्मप्रवचनांसाठी बांधलेलं, म्हणून तिथे खुर्च्या नाहीत, चर्चची लाकडी बाकं आहेत. १९७४ साली ऑप्री शहराबाहेर नव्या इमारतीत गेली, तेव्हा जुन्या रंगमंचाच्या फळ्यांमधून एक गोल कापून आणला आणि नव्या रंगमंचाच्या मध्यभागी बसवला. गाणारा त्या गोलात उभा राहतो. २०१० साली इथल्या नदीला पूर आला, पाणी थेट रंगमंचावर चढलं. ओसरल्यावर तो गोल दुरुस्त करून पुन्हा जागेवर बसवला. पुरानंतर काय काय वाचवावंसं वाटतं ते सांगलीकराला मी वेगळं सांगायला नको.

तर अशा त्या जागी ही मंडळी आली. भरतकाम केलेले शर्ट, गळ्यात रुमाल, एकाच्या पायात मेंढीच्या लोकरीची भलीथोरली पँट. १९८२ पासून ते ऑप्रीचे रीतसर सभासद आहेत. चिमीने मला कोपराने ढोसलं आणि म्हणाली, "आई, हे खरे आहेत की जोकर?" पुढच्या पंधरा मिनिटांत या प्रश्नाचं उत्तर मलाही देता आलं नाही, आणि तीच त्यांची करामत आहे.

आता माणसं कोण ते ऐका, कारण यात तुमच्यासाठी खास खाऊ आहे. गिटार वाजवतो आणि योडल (छातीच्या आवाजातून एकदम वरच्या हलक्या आवाजात उड्या मारत गायचा प्रकार) गातो तो रेंजर डग. खरं नाव डग्लस ग्रीन. हा साहित्य शिकलेला, इथल्या कंट्री म्युझिक फाउंडेशनमध्ये जुन्या कलावंतांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून ठेवायचं काम करायचा. पडद्यावरच्या गाणाऱ्या काउबॉयांचा इतिहास त्याने २००२ साली पुस्तकरूपाने लिहिला. डबल बास वाजवतो तो टू स्लिम, म्हणजे फ्रेड लाबोर. याने कॉलेजात असताना, १९६९ साली, विद्यापीठाच्या दैनिकात बीटल्सच्या नव्या रेकॉर्डचं परीक्षण लिहिताना पॉल मॅकार्टनी कधीच मेला असून त्याच्या जागी तोतया फिरतोय असं मिश्कीलपणे ठोकून दिलं, पुरावे स्वतःच्या मनाने रचले, आणि ती अफवा जगभर पसरली. फिडल वाजवणारा वुडी पॉल सुरुवातीच्या दिवसांतच येऊन मिळाला. हा एमआयटीचा डॉक्टरेट आहे. अणुअभियांत्रिकीत!

वाचलंत? एमआयटीचा अणुशास्त्रज्ञ. रोज रात्री लोकांसमोर दोर फिरवतो आणि फिडल वाजवतो. दादाला तुम्ही बारावीनंतर नाटकाचं वेड सोडून डिप्लोमाला घातलंत, तेव्हा "पोट कशानं भरणार?" हे तुमचं वाक्य होतं. मी काही म्हणत नाही. फक्त दादाला हा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवा.

चौथा नंतर आला, जोई मिस्कुलिन, ॲकॉर्डियनवाला. हा पोरवयात पोल्काच्या बँडमध्ये वाजवायचा. तुम्ही पेटीवाले, म्हणून सांगते: उजव्या हाताची पट्टी तुमच्या ओळखीची वाटली असती, पण डावा हात बटणांवर बास आणि कॉर्ड धरतो, आणि भाता छातीशी ओढून-ढकलून चालतो. त्यामुळे स्वर लांबवताना माणसाचं सगळं अंगच श्वास घेतल्यासारखं हलतं. मधेच त्याने एक स्वर इतका हळू सोडला की मला तुमचीच आठवण झाली.

कार्यक्रमात काय झालं? आधी रेंजर डगने "बकरूज अँड बकरेट्स" करून पोराटोरांना हाक मारली, आवाज अगदी १९४० सालच्या रेडिओतला. मग टू स्लिमने गाल वाजवले. हो, गाल. तोंड कमी-जास्त उघडायचं, गालांवर बोटं आपटायची, आणि त्यातून सूर निघतात. एक आख्खी धून त्याने तशी वाजवली, चेहरा असा की पोलीस ठाण्यात जबाब देतोय. चिमी खुर्चीतून घसरली. परवा फोनवर मागे जो धिंगाणा ऐकलात तो हाच, तिचे दोन्ही गाल लाल झालेत आणि शाळेतून चिठ्ठी आलीय. जुन्या काउबॉयपटांत नायकाबरोबर एक बोळका, बडबड्या म्हातारा असायचा, त्याची नक्कल म्हणून टू स्लिमच दाढी लावून स्वयंपाक्या होतो. रेडिओवरच्या जाहिरातींची टर उडवत स्वतःच्या दुकानातला भंगार माल विकायला काढतो, उदाहरणार्थ निवडुंगाच्या आकाराचा टाय. एखादं काम सोपं करायची वेळ आली की सगळे मिळून म्हणतात, हे सोपं होईल, पण ‘काउबॉय वे’ होणार नाही. सगळं सभागृह त्यांच्याबरोबर म्हणतं.

आणि मग गाणं सुरू झालं, आप्पा. वाळवंटात पाण्यावाचून चालणारा एक माणूस आणि त्याचं खेचर, समोर मृगजळ. माणूस खेचराला समजावतोय, तिकडे बघू नकोस, ते पाणी खरं नव्हे. बॉब नोलनचं गाणं. तिघं एका जागी सरकले, डोकी जवळ आणली. मधला मूळ चाल धरतो, एक त्याच्या वर, एक खाली, आणि तिघांचे स्वर इतके एकजीव की कुठला कुणाचा ते कळू नये. मघाचा गाल बडवणारा माणूस डोळे मिटून खालचा स्वर धरून उभा होता. विनोद नाही, डोळा मारणं नाही, "हे जुनं आहे बरं का, सांभाळून घ्या" असा अजीजीचा भावही नाही. चार मिनिटं लोक गप्प होते. दोन मिनिटांपूर्वी हेच लोक हसून हसून बेजार होते, म्हणूनच ते एवढे गप्प बसू शकले असं मला वाटतं. हसलेला माणूस मोकळा झालेला असतो, त्याच्याकडून काहीही ऐकवून घेता येतं.

त्या रात्रीनंतर मी या प्रकरणाच्या मागे लागले. तुमच्याकडूनच घेतलेली खोड. ग्रंथालयातून पुस्तकं आणली, जुन्या रेकॉर्डी ऐकल्या, जवळच्या एका गावी त्यांचा पुरा दोन तासांचा कार्यक्रमही ऐकला. त्यातलं थोडं सांगते.

पहिली गंमत म्हणजे खऱ्या काउबॉयचं राज्य जेमतेम वीस वर्षांचं. इथली यादवी १८६५ साली संपली, टेक्सासात लांब शिंगांची गुरं मोकाट वाढलेली, आणि उत्तरेकडे कॅन्ससपर्यंत रेल्वे आलेली. दोन-तीन हजार गुरांचा तांडा दहा-बारा माणसांनी महिनोन्महिने हाकत रेल्वेपर्यंत न्यायचा, हा धंदा. पगार महिना तीस-चाळीस डॉलर. रात्री दोन घोडेस्वार तांड्याभोवती एकमेकांच्या उलट दिशेने फिरत राहायचे आणि गात राहायचे. हौस म्हणून नव्हे. अंधारात एकदम खूर वाजले तर गुरं बिथरून उधळतात, सतत आवाज येत राहिला तर त्यांना कळतं की हा आपलाच माणूस आहे. बऱ्याच जणांना येत असायची ती चर्चमधली स्तोत्रं, तीच गायची. १८७४ साली काटेरी तारेचं पेटंट निघालं, माळरानावर कुंपणं पडली, रेल्वे खुद्द टेक्सासात गेली, आणि १८८६-८७ च्या हिवाळ्यात उत्तरेकडची गुरं लाखोंनी मेली. संपलं.

संपलं, आणि लगेच तमाशा सुरू झाला. म्हणजे ‘शो’ या अर्थाने. बफेलो बिलने १८८३ सालीच घोडे, बंदुका आणि दोर घेऊन गावोगाव खेळ सुरू केले होते. खरे गुराखी अजून रानात होते तेव्हाच त्यांची नक्कल तिकीट लावून चालू झाली होती.

दुसरी धार व्हॉडव्हिलची. १८८१ साली न्यूयॉर्कमध्ये टोनी पास्टर नावाच्या माणसाने असा खेळ काढला की बायकापोरांना घेऊन यावं: अश्लील काही नाही, आणि एका तिकिटात आठ-दहा प्रकार. गाणारा, कसरतवाला, कुत्र्यांचे खेळ, दोन विनोदवीरांची जुगलबंदी, जादूगार, मग एखादी मोठी नटी. प्रत्येकाला दहा-वीस मिनिटं. पहिला नंबर बहुतेक मुक्या खेळाचा, कसरतवाल्याचा वगैरे, कारण त्या वेळी लोक अजून खुर्च्या शोधत असतात, बोललेलं काही ऐकू जात नाही. किती व्यवहारी विचार! तुमच्याकडे पहिलं गाणं सगळ्यात अवघड रागातलं असतं, आणि त्या वेळी मागच्या दाराने चपला वाजवत लोक येत असतात.

या व्हॉडव्हिलमध्ये विल रॉजर्स आला. १८७९ साली चेरोकी या मूळ रहिवासी जमातीच्या मुलखात, आजच्या ओक्लाहोमात जन्मलेला, स्वतः चेरोकी रक्ताचा. आपले पूर्वज इंग्रज वसाहतवाल्यांना घेऊन आलेल्या ‘मेफ्लॉवर’ जहाजातून आले नाहीत, ते किनाऱ्यावर त्या जहाजाला भेटायला गेले होते, असं तो सांगायचा. दोर फेकण्यात पटाईत. दोराची ही कला मेक्सिकन चार्रो लोकांची, म्हणजे तिकडच्या घोडेस्वार गुराख्यांची. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी विलने एका मेक्सिकन दोरवाल्याला, व्हिसेंते ओरोपेसाला पाहिलं आणि वेडा झाला. पुढे तो रंगमंचावर घोडा आणायचा, फळ्यांवर घसरू नये म्हणून त्याच्या खुरांना नमद्याचे बूट. एका वेळी तीन दोर फेकायचा: एक घोड्याच्या मानेत, एक स्वाराभोवती, एक घोड्याच्या चारही पायांत.

सुरुवातीला हा खेळ मुका होता. मग एकदा पुढची करामत समजावून सांगायला त्याने तोंड उघडलं, तर त्याची ती लांबलचक गावरान बोली ऐकून लोक हसले. विलला राग आला, आपली टिंगल झाली असं वाटलं. कुणीतरी समजावलं की अरे, हसू दे, हे चांगलं आहे. मग तो बोलायला लागला. दोर चुकला की त्यावर बोलायचा, सकाळच्या पेपरातल्या बातम्यांवर बोलायचा, राष्ट्राध्यक्ष समोर बसले असले तर त्यांच्यावरही. शेवटी दोर हे निमित्त उरलं, माणसं बोलणं ऐकायला यायची. १९३५ साली अलास्कात विमान अपघातात तो गेला तेव्हा सारा देश हळहळला. आपल्याकडे बतावणीत सोंगाड्याला हेच लायसन्स असतं, गाण्याच्या आधी पाटलापासून सरकारपर्यंत कुणालाही टोला हाणायचं.

तोवर बोलपट आला होता. न्यूयॉर्कचं ‘पॅलेस’ थिएटर म्हणजे व्हॉडव्हिलवाल्यांची पंढरी. १९१३ साली सुरू झालेलं ते १९३२ साली सिनेमाघर झालं. १९३२! त्याच वर्षी तिकडे कोल्हापुरात प्रभातने पहिला मराठी बोलपट काढला आणि नाटक कंपन्यांना घरघर लागली. तुम्ही नेहमी म्हणता की संगीत नाटक आपल्या लोकांच्या करंटेपणामुळे मागे पडलं. नाही हो. अर्धं जग त्याच सुमारास बोलपटाकडे गेलं.

इथे मात्र सिनेमानेच गाणारा काउबॉय जन्माला घातला. जीन ऑट्री हा रेल्वेतला तारमास्तर. रात्रपाळीत गिटार वाजवत बसायचा, एकदा विल रॉजर्स तार करायला आला आणि गाणं ऐकून "रेडिओवर जा" म्हणाला, असं ऑट्री स्वतः सांगायचा. १९३५ पासून तो पडद्यावरचा नायक. रॉय रॉजर्स (विलचा कुणी नव्हे, याचं मूळ नाव लेनर्ड स्लाय) ओहायोतल्या शहरात जन्मलेला, बुटांच्या कारखान्यात काम केलेला. वाळवंटाची गाणी लिहिणारा नोलन कॅनडात जन्मलेला. खरा गुराखी शोधायला दुर्बीण लागेल. त्या पिढीत हर्ब जेफ्रीज नावाचा काळा गाणारा काउबॉयही होता, १९३७ पासून त्याचे सिनेमे निघाले, ते काळ्या लोकांसाठीच्या थिएटरांत लागायचे. खऱ्या तांड्यांवर काळे आणि मेक्सिकन गुराखी भरपूर होते. पडद्यावर ते बहुतेक पुसले गेले.

हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण जुनं ते सगळं सोनं, असं इथे म्हणता येत नाही. व्हॉडव्हिलमध्ये गोरे लोक तोंडाला काळं फासून काळ्यांची टिंगल करायचे, रेड इंडियनांवर, ज्यूंवर, आयरिशांवर वाटेल ते विनोद व्हायचे. जुन्याची परंपरा चालवणाऱ्या या मंडळींनी ते टाकून दिलं. त्यांचा विनोद स्वतःच्या हॅटवर, वयावर, आपल्या भंगार मालावर. त्यांनी जुन्यातलं निवडून घेतलं आहे आणि घेतलं नाही त्याबद्दल गळे काढत बसले नाहीत. तुमच्या मंडळात मात्र पदातली एक ओळ गाळायची म्हटलं तर बैठक तीन तास चालते.

कॅलिफोर्नियात ‘सावरडो स्लिम’ या नावाने एक जण हेच एकट्याने करतो: ॲकॉर्डियन, योडल, दोर, आणि मधे गप्पा. स्वतःला शेवटचा व्हॉडव्हिल काउबॉय म्हणवतो. नेवाडातल्या एल्कोला १९८५ पासून दर हिवाळ्यात काउबॉय कवींचा मेळा भरतो, तिथे असे लोक भेटतात. त्याचं ध्वनिमुद्रण मी ऐकलं. चार जण असले तर एकाने विसरलं तर दुसरा सावरतो, एकट्याला ती सोय नाही. चुकलं तर चुकलेल्यावरच विनोद करायचा, विल रॉजर्ससारखा. दोराचंही तसंच आहे. सुती विणीचा दोर असतो, तो फिरताना बोटांत सतत पीळ सोडत राहावा लागतो, घट्ट धरला की गुंता. तुमचे जावई अंगणात आईच्या जुन्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर प्रयोग करताहेत. शेजाऱ्यांनी विचारायचं सोडून दिलं आहे.

आणि योडल! तुम्हाला किशोरकुमारचं योडल आवडायचं नाही, "गाणं आहे की उचकी" म्हणायचात. तर त्याचं एक मूळ इथे आहे. मिसिसिपीचा जिमी रॉजर्स (हा तिसरा रॉजर्स, तिघांचं एकमेकांशी नातं नाही) हा रेल्वेत ब्रेकमन होता, १९२७ साली त्याने योडलचं पहिलं गाजलेलं गाणं ध्वनिमुद्रित केलं, १९३३ साली क्षयाने गेला. त्याच्या आणि टेक्स मॉर्टन नावाच्या दुसऱ्या योडलवाल्याच्या तबकड्या ऐकून किशोरकुमारने ते उचललं असं सांगतात. आपल्या गायकीत छातीचा आवाज आणि वरचा हलका आवाज यांच्यातला सांधा दिसू नये म्हणून जन्म घालवतात. योडलवाला तो सांधाच उघडा करून त्यावर नाचतो. रेंजर डग ते करतो तेव्हा एकही स्वर कणसुर नसतो. तुम्ही उचकी म्हणाला नसतात, "पुन्हा एकदा" म्हणाला असतात. पैज लावते.

आता मुद्दा. रेंजर डग एवढा अभ्यासक, पण रंगमंचावर इतिहास सांगतो तो एका वाक्याचा, तोही हसवत. गाणं कुणाचं, कुठल्या साली, बस, सुरू. तुमच्याकडे सर प्रत्येक पदाआधी कागद काढतात. कुठल्या नाटकातलं, कुठल्या अंकातलं, कुणी प्रथम गायलं, त्यांना कुठला पुरस्कार मिळाला, मग आजच्या पिढीबद्दल खंत. पद पाच मिनिटांचं, प्रस्तावना आठ मिनिटांची. मागच्या वर्षीचा व्हिडिओ तुम्ही पाठवला होतात तो चिमीने किती वेळ पाहिला सांगू? सर चष्मा लावेपर्यंत. पद सुरू व्हायच्या आत गेली. तिला पद आवडलं नाही असं नाही, तिच्यापर्यंत ते पोचलंच नाही. हीच मुलगी बॉब नोलनचं गाणं आता अंघोळ करताना म्हणते. या मंडळींना दोन ग्रॅमी मिळाल्यात, दोन्ही मुलांसाठीच्या अल्बमना. ‘टॉय स्टोरी २’ या सिनेमातल्या काउबॉय बाहुल्याचं गाणंही त्यांनीच गायलंय. पोरांच्या तोंडून ते जिवंत राहणार हे त्यांनी ओळखलंय.

आणि तुमच्याकडे बापूकाका आहेत! तालमीत पेटी जुळेपर्यंत ते जे बोलतात त्यावर आई स्वयंपाकघरात हसून पोळ्या करपवायची. सगळ्या जुन्या नटांच्या नकला त्यांना येतात, दिवाबत्ती गेलेल्या प्रयोगाची गोष्ट ते वीस तऱ्हांनी सांगतात. आणि कार्यक्रमाच्या दिवशी त्यांना कुठे बसवता? तबल्यामागे, कोपऱ्यात, इस्त्रीचा झब्बा घालून, तोंडाला कुलूप. का, तर गांभीर्य राहावं. ज्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी नाटकाला सुरुवात केली, त्या नाटकात विदूषक होता ना? सूत्रधार आणि विदूषक यांची चकमक झाल्याशिवाय पुढचं आख्यान सुरूच व्हायचं नाही. मग गाण्याच्या शेजारी हसण्याला बंदी कुणी घातली?

तेव्हा मंडळ बंद करायच्या आधी एकच प्रयोग माझ्या म्हणण्याप्रमाणे करा. सरांना पुढच्या रांगेत मानाची खुर्ची द्या, हार घाला, कागद काढून घ्या. बापूकाकांना माईक द्या. पहिलं पद सोपं आणि नाचरं ठेवा, लोक आत येत असतात. एक तासात आटपा. शाळेच्या मुलांना फुकट सोडा, आणि ती हसली तर दटावू नका. फक्त बापूकाकांना एक बजावा: पद सुरू झालं की तोंड बंद, भुवईसुद्धा हलवायची नाही. थट्टा गाण्याच्या आजूबाजूला, गाण्याची नाही. ते ऐकणार नाहीत, तेव्हा तुम्ही पेटीवरून बघा त्यांच्याकडे, तुमचं ते बघणं आम्हा सगळ्यांना माहीत आहे.

सर रागावतील. रागावू देत, दोन दिवसांनी चहाला येतील.

आईला सांगा की थंडीच्या औषधांचं पार्सल पाठवलंय, आणि गुडघ्याचा पट्टा रात्री काढून झोपायचं आहे, घालून नव्हे. दादाची परीक्षा झाली का? चिमी आजोबांना पापा पाठवतेय आणि गालावर एक धूनही वाजवून दाखवायची म्हणतेय, पुढच्या रविवारी व्हिडिओ कॉल लावू तेव्हा मंडळाच्या बैठकीच्या वेळेत लावू नका.

तुमची,
ताई

ता. क. – तुमच्या डोक्याचं माप इंचांत कळवा. भुवईच्या वर एक बोट सोडून टेप गुंडाळायची. कारण विचारू नका. बापूकाकांचंही कळवा.